बिल त्याच्या नावावर

डार्मश्टाटला आल्यावर आमचं नवरा-बायकोचं पहिलं मोठं भांडण झालं ते लाइट बिलावरून. म्हणजे बिल आलंच नव्हतं, म्हणूनच भांडण. दोन हजार अकरा सालचा ऑक्टोबर होता. घर मिळालं होतं, दिवे लागत होते, चूल पेटत होती, आणि बिलाचा पत्ता नव्हता. मी पुण्यात बँकेत नोकरी केलेली. फुकट चाललेल्या गोष्टीची मला भीती वाटते. मी रोज पोस्टाची पेटी उघडून बघायची आणि नवऱ्याला विचारायची, ‘कुठे भरायचं ते तरी विचारून ये ना कोणाला.’ तो म्हणायचा, ‘येईल.’ हे ‘येईल’ त्याचं सगळ्याला लागू असायचं.

मग एक पत्र आलं. त्यात बिल नव्हतंच. तुम्ही दोघं आहात, तेव्हा साधारण इतकी वीज लागेल, तर दर महिन्याला इतके पैसे देत जा, वर्ष संपलं की मीटर बघून हिशेब करू, कमी पडले तर मागू, जास्त झाले तर परत देऊ, असं त्यात लिहिलं होतं. ह्या मासिक हप्त्याला आपश्लाग म्हणतात. मला ते अजिबात पटलं नाही. वापरण्याआधीच पैसे कसले मागतात, आणि आम्ही किती वापरणार हे ह्यांना कोणी सांगितलं? नवरा मात्र खूश झाला. तो इंजिनिअर, त्याला अंदाज बांधणारी माणसं आवडायची. ‘अगं, आपल्याला न बघता आपला अंदाज घेतलाय त्यांनी,’ तो म्हणाला. ‘वर्षभराने बघू कोण जिंकतं.’

ते पैसे कंपनी आपल्या खात्यातून आपणच काढून घेते, अशी इथली रीत. आपण फक्त एकदा सही द्यायची. ते म्हणजे लास्टश्रिफ्ट. त्याला मात्र त्याने साफ नकार दिला. माझ्या खिशात दुसऱ्याने हात घालायचा नाही, म्हणाला. त्यामुळे पहिलं वर्षभर तो दर महिन्याला बँकेत जाऊन, कागदाची स्लिप ठळक अक्षरात भरून, पेटीत टाकून यायचा. ऑफिसातल्या मराठी मित्रांनी ह्यावरून त्याची भरपूर थट्टा केली. पण कराडला त्याच्या वडिलांनी असंच केलेलं त्याने पाहिलं होतं. बिल हातात पडलं की त्याच दिवशी सायकल काढायची, लाइटच्या ऑफिसात जायचं, शिक्का मारून आणायचा आणि घरी येऊन बिल भिंतीवरच्या तारेत खोचायचं. मुदतीची वाट बघणं म्हणजे त्या घरात जवळजवळ लबाडी समजायचे. इथे तार नव्हती, पण जाडजूड फायली होत्या आणि कागदाला दोन भोकं पाडायचं यंत्र होतं. ते यंत्र त्याला फार आवडलं. भोकं पाडताना तो लहान मुलासारखा दिसायचा.

भाडं, वीज, इंटरनेट, टीव्ही-रेडिओची वर्गणी, सगळं त्याच्याच नावावर होतं. तो माझ्याआधी येऊन घर शोधत होता, त्यामुळे तसं झालं. पण मी आधी आले असते तरी तसंच झालं असतं, हे मला माहीत आहे. मी बी.कॉम., पुण्यात दुसऱ्यांची खाती सांभाळलेली, आणि घरातलं काही विचारलं की मी सरळ म्हणायची, ‘ते तो बघतो.’ मोठ्या ऐटीत म्हणायची. आमच्या शेजारणीला, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंना, ते ऐकून धक्काच बसायचा. त्या सत्तरीच्या, विधवा, एकट्या राहायच्या, आणि जिन्याच्या दिव्याचा बल्बसुद्धा स्वतः बदलायच्या.

पाचव्या हिवाळ्यात तो गेला. सकाळी कामावर गेला आणि तिथल्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरता उतरता पडला. हृदय. पन्नाशीही झाली नव्हती. आम्हाला मूल नव्हतं. मी अस्थी घेऊन कराडला गेले, सासूबाईंजवळ काही दिवस राहिले, आणि परत आले. सगळे म्हणत होते, आता तिकडे एकटी कशाला जातेस. पण माझी नोकरी फ्रँकफर्टला होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासोबत मी जिथे संसार केला ती जागा तीच होती. कराडच्या घरात तो मुलगा होता. नवरा तो डार्मश्टाटलाच होता.

परत आले तर पेटी पत्रांनी भरलेली. त्याच्या जाण्याची खबर बँकेला मीच दिली होती, म्हणून बँकेने त्याचं खातं थांबवलं होतं. तोवर तोही लास्टश्रिफ्टला सरावला होता, त्यामुळे सगळी बिलं त्याच खात्यातून जायची. ती सगळी परत फिरली. मग एकामागून एक मानुंग आल्या, म्हणजे थकबाकीची स्मरणपत्रं. भाषा फार सभ्य. ‘आदरणीय महोदय, आपल्याकडून बहुधा नजरचुकीने राहून गेलं असावं.’ मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या कागदाला मोठ्याने सांगितलं, ‘नजरचूक नाही, मेलाय तो.’ मराठीत सांगितलं. तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला होता. कराडला सगळ्यांशी बोलताना मी ‘गेला’ म्हणायची. त्यानंतर ओट्याला टेकून मी इतकी रडले की खालच्या बाई वर आल्या आणि बेल न वाजवता दाराशी उभ्या राहिल्या.

त्यांनीच मला बिलं भरायला शिकवलं. आधी माझ्या नावाचं खातं, मग एकेक कंपनी. त्या माझ्या टेबलाशी बसायच्या, चष्मा वर करायच्या आणि म्हणायच्या, ‘आल्झो, तर मग, पहिलं घरमालकाचं. मग टेलिफोन. मग वीज. सगळं तुमच्या नावावर करून घ्यायचं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढून ठेवा, सगळे मागतात.’ मी त्यांना चहा द्यायची, साखर न घालता. त्यांच्या नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली होती आणि त्यांनी तीन आठवड्यांत सगळं आवरलं होतं, असं त्या सांगायच्या. त्यात बढाई नव्हती. त्यांच्याकडे दुःख करण्याची तीच पद्धत होती, आधी नावं बदलायची आणि मग रडायचं.

मी भाड्याचं बदललं. टेलिफोनचं बदललं. टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं बदललं. प्रत्येक वेळी तोच दाखला, तेच दोन ओळींचं पत्र, आणि उत्तरात तेच छापील सांत्वन. विजेच्या पत्राशी आले आणि माझा हात थांबला. मला एकदम कराडचं बिल आठवलं.

सासरे गेले तेव्हा माझा नवरा कॉलेजात होता. मी लग्न होऊन त्या घरात गेले त्याला कितीतरी वर्षं झाली होती, तरी लाइट बिल त्यांच्याच नावाने यायचं. अजूनही येतं. आपल्याकडे हे कोणाला खटकत नाही. माझ्या माहेरी तर आजोबांच्या नावाचं यायचं, आणि आजोबांना मी पाहिलेलंही नाही. बिल वाटणारा माणूस फाटकातून सासऱ्यांचं पूर्ण नाव घेऊन हाक मारायचा आणि सासूबाई आतून पदराला हात पुसत म्हणायच्या, ‘आले, आले.’ नवीन सून म्हणून मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर सवय झाली. घरातला माणूस गेला तरी सरकारदरबारी तोच घर चालवतोय, दर महिन्याला त्याला आठवणीने विचारलं जातंय, ह्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बदलायला जायचं म्हणजे उगाच खेटे, असं आपण म्हणतो. पण ते काही खरं कारण नसतं.

मी ठरवलं, हे एक राहू दे. त्याच्या ग्राहक क्रमांकावर मी माझ्या खात्यातून पैसे पाठवायला लागले. महिन्याच्या पहिल्या तारखेला, कधीही न चुकता. कंपनीला पैशाशी मतलब, ते कोण पाठवतंय हे कोणी विचारलं नाही. आणि त्याला पत्रं येत राहिली. दर बदलल्याची, नव्या योजनेची, नाताळच्या शुभेच्छांची. लिफाफ्यावर त्याचं नाव, त्यामागे सासऱ्यांचं नाव, मग आडनाव. पासपोर्टवर जसं होतं तसंच. बाकी सगळी पत्रं आता माझी होती. हे एकच त्याचं.

खालच्या बाईंनी दोनदा विचारलं, विजेचं झालं का. मी हो म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलताना मला वाईट वाटलं, पण त्यांना समजावून कसं सांगणार होते? जर्मनमध्ये माझ्याजवळ त्यासाठी शब्दच नव्हते, आणि मराठीतही फारसे नव्हते.

सासूबाईंना मात्र मी सांगितलं. सहज बोलता बोलता. दर रविवारी आमचा फोन असायचा. जेवलीस का, थंडी किती, गुडघा कसा आहे, हे झालं की दोघींनाही बोलायला काही सुचायचं नाही. दोघींमधला जो माणूस होता तोच नव्हता. अशाच एका रविवारी मी म्हटलं, ‘आई, इथलं लाइट बिल अजून त्याच्याच नावावर येतंय. मी बदललं नाही.’ त्या म्हणाल्या, ‘नको बदलूस. असू दे. एका कागदावर तरी तो घरचा कर्ता आहे.’

त्यानंतर प्रत्येक रविवारी त्या विचारायच्या, ‘आलं का गं त्याचं काही?’ काही आलेलं असलं की मी वाचून दाखवायची. नाव आधी, मग पत्ता, मग मजकूर. कळत काहीच नसायचं त्यांना, आणि मी भाषांतरही धड करायची नाही. युनिटचा दर ऐकण्यासाठी कोण फोन करतं? त्या नाव ऐकायच्या. आपल्या मुलाचं आणि नवऱ्याचं नाव एका दमात, कोणीतरी कामाचं म्हणून लिहिलेलं. आमच्या फोनला त्यामुळे पुन्हा विषय मिळाला. मला त्या कागदाची त्यांच्यासाठी काळजी वाटायला लागली, आणि त्यांना, मला वाटतं, माझ्यासाठी.

वर्षाचा हिशेब आला तेव्हा मात्र मी तो त्यांना वाचून दाखवला नाही. आमच्या न्हाणीघरात पाणी विजेवर तापायचं, आणि नवऱ्याला शॉवर कधीच आवडला नाही. तो शॉवरखाली बादली भरायचा आणि तांब्याने अंघोळ करायचा, गाणी म्हणत, कढत पाण्याने. आता ती बादली कोपऱ्यात कोरडी होती. साहजिकच वीज निम्म्यावर आली होती. कंपनीने त्याचं अभिनंदन केलं होतं. ‘आपण लक्षणीय बचत केली आहे.’ सोबत काही पैसे परत आणि पुढचा हप्ता कमी. मी ते पत्र भोकं न पाडताच फायलीत कोंबलं. त्या दिवशी मी गरज नसताना घरभर दिवे लावून बसले होते. वेडेपणा होता, पण अंदाज चुकवावा असं वाटलं.

पुढच्या वर्षी मीटर बदलायला माणूस आला. आधी पत्र आलं होतं, अमुक दिवशी सकाळी घरी असावं. मी रजा घेतली. मीटर खाली तळघरात, सगळ्या घरांचे एका भिंतीवर. त्या माणसाने काम झटपट केलं, जुन्याचा आकडा टिपला, आणि हातातल्या यंत्रावर नाव वाचून म्हणाला, ‘महाशय घरी आहेत का? सही हवी होती.’

मी म्हटलं, ‘मी करते.’

‘तुम्हीही करू शकता. पण करार त्यांच्या नावावर आहे. ते कामावर आहेत का? मी इथे शेजारच्या इमारतीत आहे दुपारपर्यंत.’

हो म्हणून टाकायचं होतं. अगदी सोपं होतं, आणि त्याने मानही डोलावली असती. पण हो तोंडातून निघेना. नाही म्हणायचीही तयारी नव्हती. तेवढ्यात खालच्या बाई कपड्यांची टोपली घेऊन तळघरात आल्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, त्याच्या हातातलं यंत्र पाहिलं, आणि शांतपणे त्याला सांगितलं, ‘ते वारले. दोन वर्षं झाली.’ मला मदत म्हणूनच त्यांनी ते सांगितलं. माणूस गडबडला, माफी मागितली, आणि यंत्रावर काहीतरी टिपून घेतलं. बाईंनी टोपली खाली ठेवली आणि माझा हात धरला. मला त्यांचा इतका राग आला होता की मी तो सोडवून घेतला. मग वर जाताना जिन्यात पुन्हा धरला.

कंपनीचं पत्र आठवड्याभरात आलं. या वेळी ‘आदरणीय बाईसाहेब’ असं लिहिलं होतं. दाखल्याची प्रत पाठवा, नवा करार आपल्या नावे करू. मी फोन केला. फोनवरच्या मुलीने आधी सांत्वन केलं, मग तारीख विचारली. मी सांगितली. तिकडून टाइप केल्याचा आवाज थांबला. तिने अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘मग तुम्ही इतके दिवस कळवलं का नाही?’

‘आमच्याकडे असं कळवत नाहीत,’ मी म्हटलं. याहून बरं उत्तर मला आजही सुचत नाही.

अर्जात मी माझं पूर्ण नाव लिहिलं. माझं नाव, मग त्याचं, मग आडनाव. लग्न झाल्यापासून पासपोर्टवर, पॅनकार्डावर, सगळीकडे माझं नाव तसंच आहे. बायकोच्या नावामागे नवऱ्याचं. लिहिताना मनात म्हटलं, बरं झालं, मधे का होईना, तो राहील. सासूबाईंना तसंच सांगायचं ठरवलं होतं. पण नव्या कराराचा कागद आला त्यात माझं नाव आणि आडनाव, एवढंच. त्यांच्या नव्या यंत्रात आता एका माणसाला एकच नाव बसत असावं, किंवा कोणालातरी पुरुषाचं नाव बाईच्या मधे बघून चूक वाटली असेल. मी पुन्हा फोन केला नाही. काय सांगणार होते? खालच्या बाईंना तो कागद दाखवला तर त्या म्हणाल्या, ‘गेनाऊ, अगदी बरोबर. आता सगळं नीट झालं.’

दोन रविवार मी टाळाटाळ केली. तिसऱ्या रविवारी सासूबाईंनी विचारलंच, ‘बरेच दिवसांत त्याचं काही आलं नाही का गं?’

मी सांगितलं. मीटरवाल्याचं, शेजारणीचं, दाखल्याचं.

‘तुझ्या नावात आहे की तो,’ त्या म्हणाल्या.

‘ते मधलं नाव छापत नाहीत, आई.’

‘छापत नाहीत,’ त्या म्हणाल्या. मग गुडघा आता बराय म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं होतं त्या रडतील, माझ्यावर चिडतील, निदान एवढंसंही सांभाळता आलं नाही का म्हणतील. तसं काही झालं नाही. पुढचे कित्येक रविवार त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी तर नाहीच नाही. आमचे फोन पुन्हा थंडी आणि जेवणावर आले. मला ते फार जड जायचं. नवरा गेला तेव्हा मी एकटी पडले होते, पण त्या कागदाने आम्हा दोघींना एका बाजूला बसवलं होतं. आता मी इकडे आणि त्या तिकडे.

मग एकदा त्यांनीच, रविवार नसताना, फोन केला. आवाज दमलेला होता, पण त्यात जरा हुशारी होती. म्हणाल्या, ‘आज लाइटच्या ऑफिसात जाऊन आले.’

मी दचकले. त्या एकट्या कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नव्हत्या. ‘कशा गेलात? आणि कशाला? बिल तर मी इकडून भरते ना.’

‘रिक्षाने गेले. तो रिक्षावाला थांबला होता बिचारा. बिलासाठी नाही गेले. म्हटलं, इतकी वर्षं ह्यांचं नाव झालं, आता बदला. मुलाच्या नावावर करा.’

त्या सांगत राहिल्या. ‘काउंटरवरचा मुलगा चांगला होता हो. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, करून देऊ की आजी, त्यात काय. ह्यांचा दाखला लागेल म्हणाला, तो मी नेलाच होता. मग मुलाचं आधार कार्ड लागेल म्हणाला, तेही पिशवीत होतं. सगळं बघितलं त्याने. एकच राहिलं. सही लागते म्हणाला, स्वतः यावं लागेल.’

‘मग?’

‘मग काय. मुलगा कुठे असतो, विचारलं त्याने. म्हटलं, जर्मनीत असतो. रजा मिळाली की येईल.’